वाटणीत आलेलं खोकं

आमच्या मंडळात किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आम्ही जमवतो खोकी. पण खोकं आणायला गेलं की वाटेत काहीतरी होतंच, आणि बरेचदा खोकं न मिळता तेवढंच घेऊन घरी यावं लागतं. माझी बायको वर्षा म्हणते, खोकी निदान माळ्यावर मावतात, तुमचे किस्से ठेवायचे कुठे? म्हणून त्यातले चार-पाच इथे ठेवतो आहे.

खोकी म्हणजे व्हिडिओ गेमची. आम्ही शाळेत होतो तेव्हा टीव्हीला जोडायचा गेम मिळायचा, आठवत असेल. पांढरं मशीन, वायरवाले दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. मशीन इथूनतिथून सारखंच. पण खोकी? एकावर लिहिलंय चौसष्ट गेम, दुसऱ्यावर पाचशे, तिसऱ्यावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव, आणि आत तेच बारा! एका खोक्यावर हसणाऱ्या पोराचा शर्ट लाल, दुसऱ्यावर तेच पोरगं, तेच दात, शर्ट निळा. एकाचं झाकण वरून उघडतं, एकाचं बाजूने. यातलं आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं, असली कोणतं आणि नकलेची नक्कल कोणतं, हे ठरवणं हा आमचा छंद. दहा वर्षं होत आली, अजून एकाही गोष्टीवर एकमत नाही.

मंडळात माणसं तीन. मी राजापेठेत दहावीचे सायन्सचे क्लास घेतो, म्हणून मला सगळे सर म्हणतात. गजूभाऊ शेंदूरजनाघाटचे, संत्र्याची बाग आहे. आणि विनोद अकोल्याचा, फुलांचं दुकान. विनोदचं सगळ्यात शेवटी सांगायला हवं, पण त्याच्याशिवाय मधलं काही समजणार नाही.

*

माझ्याकडे खोकी त्रेचाळीस आणि मशीन चार. हे गणित घरात कोणालाच पटत नाही.

वर्षाची मावशी परतवाड्याहून मुक्कामाला आली होती. हॉलमधल्या काचेच्या कपाटात मी खोकी ओळीने लावून ठेवली आहेत. मावशींनी चहा पिता पिता ती वरपासून खालपर्यंत पाहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन वर्षाला हळूच विचारलं, जावईबापूंचं दुकान बंद कधी पडलं?

वर्षाने सांगितलं की दुकान नव्हतंच कधी, ते शिकवतात. मावशींना वाटलं, पोरगी लाजेपोटी लपवते आहे. मग वर्षाने खरं तेच सांगितलं, की ही रिकामी खोकी आहेत आणि ह्यांनी ती हौसेने आणली आहेत. त्यावर तर त्यांचा अजिबातच विश्वास बसला नाही.

निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खचू नका. धंद्यात होते असं."

पुढच्या जूनमध्ये मावशींच्या ओळखीतल्या तिघांनी आपली मुलं माझ्या क्लासला घातली. त्यातल्या एकीची आई मला म्हणाली की तुम्ही शिकवायला लागलात ते फार बरं केलंत. मी वीस वर्षं शिकवतो आहे. तरी मी "हो" म्हणालो.

*

आता विनोद. पहिल्या भेटीत मी त्याला आमच्यातला नेहमीचा प्रश्न विचारला, की छंद कसा लागला.

तो म्हणाला, "लागला नाही सर. वाटनीत आला."

मला वाटलं थट्टा करतोय. पण तो खरंच सांगत होता. वडील गेले त्याच्या वर्षभरात दोघा भावांची वाटणी झाली. वाटणीला बसले मूर्तिजापूरचे मामा. मामा न्यायी माणूस, म्हणजे कोणतीही वस्तू दोन ठिकाणी झाली पाहिजे असं मानणारे. बाजारातल्या दुकानात मधोमध पत्रा ठोकून दोन गाळे झाले. पाट्या, परड्या, हार ओवायच्या सुया, सगळं मोजून झालं. शेवटी फळीवर राहिला व्हिडिओ गेम. वडिलांनी लहानपणी दोघांत मिळून घेऊन दिलेला.

थोरला प्रमोद म्हणाला, हा माझ्याकडे राहील. विनोद म्हणाला, माझ्याकडे. दोघंही बाप्ये झालेले, दोघांची लग्नं झालेली. मामांनी गेम पुढ्यात ओढला, झाकण उघडलं, मशीन काढून प्रमोदसमोर ठेवलं आणि रिकामं खोकं विनोदसमोर. रिमोट दोन होते, ते एकेक दिले. कॅसेट एकच होती आणि ती मशीनमध्ये अशी रुतून बसलेली की निघेना, म्हणून ती मशीनसोबत गेली.

विनोदने विचारलं, मामा, हे काय? मामा म्हणाले, "आकारानं पाह्यशीन तं तुलेच जास्त आलं."

त्याला अकरा वर्षं झाली. दुकानं शेजारीशेजारी, मधे तो पत्रा, आणि भावाभावांचं बोलणं बंद. माय प्रमोदभाऊंकडे राहते आणि दोन्ही दुकानांचे हार तीच ओवते. विनोदने त्या घरात अकरा वर्षांत पाय ठेवला नव्हता. बोलायचं अगदीच झालं तर गिऱ्हाइकामार्फत. मी एकदा हार घ्यायला उभा होतो तर विनोद मला म्हणाला, त्यायले म्हना, शेवंती संपली असन तं इथून न्या. मी दोन पावलं चालून पत्र्यापलीकडे गेलो आणि निरोप सांगितला. प्रमोदभाऊंनी तो ऐकलेलाच होता. तरी त्यांनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि म्हणाले, त्याले म्हना, हाय माह्यापाशी. मी पुन्हा दोन पावलं मागे आलो. असं चारदा झालं. घरी पोचलो तेव्हा वर्षाने विचारलं, हार कुठाय?

तर ते खोकं. विनोदने ते धोतराच्या जुन्या फडक्यातून सोडवून माझ्यासमोर ठेवलं आणि मी चपापलो. झाडून सगळ्या खोक्यांवर पोरगं डावीकडे बसलेलं असतं आणि मशीनच्या वायरी उजव्या बाजूने निघतात. विनोदच्या खोक्यावर सगळं उलटं! पोरगं उजवीकडे, वायरी डावीकडून. अक्षरं मात्र सरळ. मी त्रेचाळीस खोकी पाळून आहे, गजूभाऊ साठ. असं खोकं आम्ही एकही पाहिलेलं नाही.

आता प्रश्न असा, की हे चित्र नुसतंच उलटं छापलं गेलं, की आतलं मशीनच वेगळं होतं? वायरी खरोखर डावीकडून निघणारं मशीन असेल, तर अख्ख्या वऱ्हाडात असा दुसरा नग नाही. ते मशीन बघितलं की प्रश्न मिटला. आणि मशीन कुठे, तर प्रमोदभाऊंच्या घरी. मी त्यांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, "त्याले म्हना, त्यानं सोता इचारावं." विनोदला सांगितलं, तर तो म्हणाला, मले खोकं आलं, मी खोकंच सांभाळीन.

पण एकदा गजूभाऊ नसताना तो माझ्याजवळ वेगळं बोलला. फुलांवर पाणी मारता मारता म्हणाला, "डावं-उजवं तुमी पाहा सर. बाबानं आनलं तवा खोकं म्या फोडलं होतं न् दादानं वायर लावली होती. मले फक्त एकडाव ते मशीन या खोक्यात ठेवून पाह्याचं हाय." त्या दिवसापासून मला त्या वायरीपेक्षा हीच गोष्ट जास्त छळू लागली.

*

गजूभाऊंचं शास्त्र वेगळं आहे. संत्र्याचे बहार दोन, आंबिया आणि मृग. गजूभाऊ खोक्यांचीही तीच प्रतवारी करतात. उन्हात रंग उडालेलं खोकं म्हणजे आंबिया, ओल लागून डाग पडलेलं म्हणजे मृग. खोकं हातात घेतलं की आधी कोपरा अंगठ्याने दाबतात, मग वास घेतात. मी सायन्सचा माणूस, मला हे पटू नये. पण ते चुकत नाहीत, हा माझा त्रास आहे.

पुण्याच्या एका संग्राहकाला त्यांच्याकडचं पाचशे गेमवालं खोकं हवं होतं. त्याने फोनवर लिहिलं, कंडिशन कळवा. गजूभाऊंनी कळवलं: मृगाचा माल, कातडी टाइट, देठाशी थोडा डाग, आतून कोरडा.

पलीकडून उत्तर आलं की मला फळं नकोत. गजूभाऊ चिडले. फळं कोन देऊन राह्यलं तुले, असं ते मला म्हणाले, त्याला नाही. शेवटी सगळं निस्तरलं आणि त्यांनी खोकं पार्सल केलं. आता त्यांच्या घरात पार्सल कशाचं होणार? संत्र्याच्या पेटीचं. गवत घालून, सुतळी बांधून, नीट. त्याच सकाळी त्यांनी आमच्याकडेही संत्र्याची एक पेटी पाठवली होती.

आमची पेटी वर्षाने उघडली, तर आत पाचशे गेमवालं खोकं. ती म्हणाली, आता फळांच्या पेटीतूनसुद्धा हेच यायला लागलं का?

पुणेकराला पोचली संत्री. मी आणि गजूभाऊ घाबरलो, की आता हा काय काय बोलेल. चार दिवसांनी त्याचा निरोप आला: माल मिळाला, वर्णनाप्रमाणेच आहे, अजून दोन पाठवा.

तेव्हापासून तो दरवर्षी दोन पेट्या मृगाच्या मागवतो. खोक्याचं नाव काढत नाही. त्याने छंद सोडला, की त्याला हाच छंद वाटतो, हे विचारायची आमची हिंमत नाही.

विनोदचं खोकंही गजूभाऊंनी दाबून आणि हुंगून पाहिलं. मग म्हणाले, हा आंबिया नोहे न् मृगही नोहे. हा हस्त बहार हाय, म्हणजे आला तर आला, नाही तर नाही. मी वहीत तेवढंच लिहून घेतलं.

*

राजापेठेतच माझ्या क्लासच्या दोन गल्ल्या पलीकडे भास्करकाका राहतात. त्यांचं पूर्वी रेडिओ आणि खेळण्यांचं दुकान होतं आणि निम्म्या अमरावतीने गेम त्यांच्याकडूनच घेतले. मी आणि गजूभाऊ उलट्या खोक्याचा फोटो घेऊन त्यांच्याकडे गेलो. बरोबर माझी वही होती. तीत कोणत्या खोक्यात कोणतं मशीन यायचं याचा आठ वर्षांचा तक्ता होता.

काकांनी तक्ता प्रेमाने पाहिला. म्हणाले, अक्षर सुंदर आहे. मग त्यांनी सांगितलं की मशीन यायची गोणीत, एकावर एक, आणि खोकी यायची वेगळी, घडी घातलेली, गठ्ठ्याने. दुपारी जेवणं झाली की काकू आणि शेजारच्या बाया खोकी उघडून, दाबून तयार करायच्या.

मी विचारलं, मग कोणतं मशीन कोणत्या खोक्यात, हे कसं ठरायचं?

"ठरायचं काय त्यात? पोरगं ज्या खोक्यावर बोट ठेवायचं, त्यात आम्ही मशीन घालायचो."

गजूभाऊंनी पाणी मागितलं. मी वही मिटली. आठ वर्षं आम्ही जे असली आणि नकली ठरवत होतो, ते एका पोराच्या बोटावर होतं. लाल शर्ट आवडला तर लाल, निळा आवडला तर निळा.

तरी निघता निघता मी फोटो पुढे केला आणि विचारलं की काका, वायरी डावीकडून निघणारं मशीन कधी आलं होतं का? काकांनी डोळे मिटले. म्हणाले, आलं होतं, एकच लॉट, पक्कं आठवतं. आम्ही दोघं पुन्हा खाली बसलो. काकूंनी चहा आणला. चहा अर्धा झाल्यावर काका म्हणाले, नाही, तो मिक्सर होता.

*

त्यानंतर विनोदनेच बातमी आणली की अंजनगाव सुर्जीला एका पानमळेवाल्यांच्या घरी उलट्या चित्राचं खोकं आहे. त्यांच्या नात्यातला कोणी लग्नाचे हार घ्यायला आला होता, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या खोक्याला जोडीदार सापडला, तर त्यातलंच मशीन बघून प्रश्न सुटेल, अशी विनोदला आशा होती. म्हणजे भावाकडे जावं लागणार नाही. तिघंही गेलो.

घरच्या काकू फार मायाळू. त्यांनी आतल्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, ते पाहा, वरती. समोर लोखंडी कपाट, आणि वरती खोकं. पोरगं उजवीकडे! वायरी डावीकडून!

विनोदने माझा हात धरला. गजूभाऊ म्हणाले, हस्त बहार. मी फोन काढून फोटो मारायला लागलो. जवळून, लांबून, वाकून, एकूण अकरा फोटो. मनात मी मंडळाच्या वहीत काय लिहायचं तेही ठरवून टाकलं.

काकू बराच वेळ दारात उभ्या राहून पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "भाऊ, खोकं तुमच्या मांगच्या फळीवर हाय. तुमी आरशाले काहून फोटो मारून राह्यले?"

कपाटाला मोठा आरसा होता. खोकं आमच्या पाठीमागे होतं, साधं, निळ्या शर्टवालं, त्यात काकूंनी जुन्या लग्नपत्रिका ठेवलेल्या. अक्षरंही उलटी दिसत असणार हे मला, सायन्सच्या मास्तरला, एकदाही जाणवलं नाही. अकराही फोटोंत आम्ही तिघं आहोत. विनोद सगळ्यांत हसतो आहे.

परतताना दर्यापूर आलं तेव्हा विनोद म्हणाला की म्हणजे जोडीदार नाहीच.

*

गेल्या पौषात प्रमोदभाऊंचा निरोप आला. माझ्यामार्फतच. घराला रंग द्यायचा आहे, माळा रिकामा करतो आहे, मशीन भंगारात द्यायचं ठरवलंय. "त्याले म्हना, लागत असन तं रविवारपर्यंत घेऊन जाय."

मी विनोदला फोन केला. तो म्हणाला, तुमी न् गजूभाऊ जा, पाहून या, वायरी कोन्या बाजूनं हायत तेवढं सांगा. मी विचारलं, तू नाही येणार? तो म्हणाला, गल्लीच्या तोंडापर्यंत येतो.

रविवारी दुपारी आम्ही अकोल्याला पोचलो. विनोदला त्याच्या घरून घेतलं; तो मागच्या सीटवर, मांडीवर फडक्यात बांधलेलं खोकं. प्रमोदभाऊंच्या घरापासून तीन घरं अलीकडे त्याने गाडी थांबवायला सांगितली. मी म्हणालो, बाळा, उतर. तो म्हणाला, सर, तुमी जा.

आम्ही दाराशी गेलो तर माय ओट्यावरच बसली होती. समोर शेवंतीचा ढीग, हातात सुई. आम्ही कोण, कशाला आलो, तिने काही विचारलं नाही. गाडीकडे पाहिलं, उठली, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत गाडीपर्यंत गेली आणि दार उघडलं. विनोदच्या मांडीवरचं खोकं उचललं, आणि घरात निघून गेली.

आता विनोद काय करणार? ज्या खोक्याला तो आम्हाला धुतलेल्या हातांशिवाय शिवू देत नव्हता, ते गेलं ना घरात! तो उतरला आणि धावत मागोमाग गेला. अकरा वर्षांनी असा, चप्पल पायात तशीच.

आत प्रमोदभाऊ जमिनीवर बसले होते. पुढ्यात मशीन, टॉवेलात गुंडाळलेलं. भंगारात द्यायच्या वस्तूला कोणी स्वच्छ टॉवेलात गुंडाळत नाही, एवढं मलाही कळतं. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

विनोद म्हणाला, सर, त्यायले म्हना, चालते का अजून ते. मी म्हटलं, चालतं का विचारतोय. प्रमोदभाऊ म्हणाले, सर, त्याले म्हना, रिमोट एकच हाय माह्यापाशी, दुसरा त्याच्यापाशी हाय. विनोदने खोकं उघडलं आणि प्लास्टिकच्या पिशवीतून रिमोट काढला. अकरा वर्षं खोक्यात होता तो. आम्हाला त्याने कधी दाखवला नव्हता.

मायचा जुना टीव्ही कोपऱ्यात होता. प्रमोदभाऊंनी वायर लावली. पहिल्यांदा नुसतीच खरखर. त्यांनी मशीनच्या पाठीवर हळूच एक थाप दिली आणि रणगाड्यांचा गेम लागला, खाली विटांच्या आत आपला गरुड असतो, तो वाचवायचा. दोघंही मांडी घालून बसले, मधे हातभर अंतर. विनोद मला म्हणाला, सर, त्यायले म्हना, खालची वीट मी सांभाळतो. मी सांगितलं. प्रमोदभाऊ म्हणाले, सर, त्याले म्हना, गेल्या डावाले बी असंच म्हनला होता न् मेला होता. तेही सांगितलं. वीट, डावं, उजवं, मधे ये, मधे नको ये, असं दोन्हीकडून सुरू झालं. माझा पार गोंधळ उडाला, आणि याचं त्याला सांगितलं की त्याचं याला, हेही मला समजेना.

तेवढ्यात पडद्यावर प्रमोदभाऊंच्या मागून एक रणगाडा आला. मी सांगणार तोच विनोद ओरडला, "दादा, मांगून येऊन राह्यला!"

प्रमोदभाऊंनी मागे वळून तो उडवला. पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "दिसला मले."

मला आता कोणी काही सांगत नव्हतं. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी दाराकडे पाहिलं, तर माय ओट्यावरून आत आली होती आणि ओवायला घेतलेली ओली शेवंती ओंजळीने त्या खोक्यात टाकत होती. वऱ्हाडातल्या एकमेव खोक्यात! गजूभाऊ अर्धे उठले. विनोदने एकदा खोक्याकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं, आणि पुन्हा टीव्हीकडे वळला. गजूभाऊ खाली बसले.

तासाभराने आम्ही निघालो. कोणी अच्छा म्हटलं नाही, कोणाचं लक्षच नव्हतं. माय तेवढी ओट्यापर्यंत आली आणि आम्हा दोघांच्या हातात एकेक हार दिला.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. गजूभाऊंनी कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. "सर, वायरी कोन्या बाजूनं होत्या?"

मी म्हणालो, डावीकडून. मग म्हणालो, थांबा. प्रमोदभाऊ टीव्हीच्या त्या बाजूला, म्हणजे मशीन त्यांच्या पुढ्यात, म्हणजे वायर... गजूभाऊ म्हणाले, मले उजवीकडून आठवते. पण त्यांनीच मान हलवली. शंभर किलोमीटर गेलो होतो आम्ही, तेवढं एक बघायला, आणि बघितलंच नाही!

विनोदला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा मायने उचलला.

मी म्हटलं, माय, विनोदला जरा दे ना, एकच विचारायचंय.

मागून दोघांचाही आरडाओरडा ऐकू येत होता. ती म्हणाली, "आता नोका करू बावा फोन. पोरं खेळून राह्यले."